रबराच्या पायापुढे सर थांबलेच नाहीत

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. मी भूलतज्ज्ञ, घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर.

सकाळी अंधेरीत ट्रेनिंग होतं, आमचे सीनियर सरही आले होते. पायाच्या नसेजवळ बारीक वायर बसवतात, तिच्यातल्या करंटने जुनं दुखणं कमी होतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घालायची. सराव रबराच्या पायावर. माझी पहिली सुई थेट नसेत घुसली. रबर होतं म्हणून वाचले.

आमच्या सरांनी ही वायर आजवर कुणालाच बसवलेली नाही. उद्या पहिल्यांदा बसवणार आहेत. मी म्हटलं, "सर, एकदा हात बसवून घ्या ना."

"अगं, आयुष्यभर नसाच बघतोय मी. तू कर." चहा घेऊन सर निघून गेले.

संध्याकाळी वॉर्डात गेले. उद्याच्या पेशंट, मुलुंडच्या काकू, खुशीत होत्या. "सरांनी टाकलेला ट्रेनिंगचा फोटो मुलाने दाखवला गं. एवढे मोठे डॉक्टर, तरी शिकायला जातात!"

मला राहवलं नाही. "काकू, सर तिथे थांबलेच नाहीत. त्यांची ही पहिलीच केस आहे. त्यांना विचारा. हवं तर नाही म्हणा."

काकूंनी माझा हात धरला. मग हळूच म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाला बोलू नकोस हं. तुझी नोकरी जाईल."

थोड्या वेळाने सर राऊंडला आले. काकूंनी नुसते हात जोडले.

ऑपरेशन उद्याच आहे. खरं सांगा, तिथे तुमची आई असती, तर तुम्ही तरी सरांना विचारलं असतं का?