अंगठ्याची सवय

पदनाम : प्रमुख, स्पर्श-हावभाव व रंगसंगती विभाग. विभागातील एकूण मनुष्यबळ : सदर प्रमुख. जबाबदारी : वापरकर्त्याचे बोट पडद्यावर ज्या दिशेने सरकेल त्या दिशेचा अर्थ लावणे, तसेच पडदा दिवसा व सायंकाळी कोणत्या रंगात दिसावा हे पाहणे. ओळखचिन्ह : हातात मऊ फडके.

त्या फडक्यामुळे ऑफिसात त्याला 'फडकेसाहेब' म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं. चाचणीचे फोन अख्ख्या मजल्यावर फिरून त्याच्या टेबलावर यायचे ते सगळ्यांचे अंगठे घेऊनच. कुणाचा तेलकट, कुणाचा साखरेने चिकट. कुणी तर शिंकून तोच हात काचेवर फिरवलेला. आधी फडकं फिरवल्याशिवाय तो एकाही फोनला हात लावत नसे.

"फडकेसाहेब, एकदा आमचे चेहरेही पुसा की," शेजारच्या टेबलावरची म्हणायची.

"त्याला फिनाईल लागेल, बाई."

अ‍ॅप गोळ्यांची आठवण करून देणारं होतं. मालकांचा हट्ट असा, की एकदाच लिहायचं आणि बाजारातल्या दोन्ही जातींच्या फोनवर चालवायचं. वेळ झाली की पडद्यावर गोळीची पट्टी येई. ती बोटाने उजवीकडे सारली की 'घेतली' अशी नोंद. 'नक्की घेतली का?' असं विचारणारी चौकट त्याने घातली होती. मालकांनी ती काढायला लावली.

"अहो, माणूस घसरगुंडीवर बसलाय आणि तुम्ही मध्येच तिकीट काय विचारता!"

संध्याकाळी पडदा आपोआप 'सांजवेळ' रंगात जाई, म्हणजे राखाडीवर राखाडी अक्षरं. मालकांना ती तरल वाटत. त्याला भांडी विसळलेल्या पाण्यासारखी. तरी त्याने ती केली. पगारदार माणसाला किळस यायची मुभा असते, नकाराची नसते.

चाचणीतून निवृत्त झालेला एक फोन चांगला पुसून त्याने आईला दिला, त्यात हेच अ‍ॅप घालून. आईचा जुना फोन दुसऱ्या जातीचा. त्यावर डाव्या काठावरून बोट आत ओढलं की मागे जाता येई. नव्यावर त्यासाठी खाली बटण होतं, पण अंगठ्याला कोण सांगणार? रोज संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळीची पट्टी येई. आई "भाजी उतरवते, मग बघते" म्हणत मागे जायला काठावरून बोट ओढे, आणि पट्टी सरकून 'घेतली' होई. त्या विसळवणी रंगात तिला काही झालेलं दिसतही नसे.

एके दिवशी ओट्यापाशी तिला भोवळ आली.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही चुकलेली नाही," तो म्हणाला आणि त्याने अ‍ॅप उघडून दाखवलं. ओळीने 'घेतली', 'घेतली'.

आईने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. न फोडलेलं.

"अरे, ते पुन्हा आठवण करून देईल म्हणून मी थांबायची. मेलं परत बोललंच नाही!"

डॉक्टरांनी पाकिटाकडे बघितलं, मग फोनकडे. "कुणी बनवलंय हे?"

तो काचेवरचा एक डाग पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना सगळं सांगितलं. "ती चौकट परत घालू द्या."

"आईंना सांगा, अंगठा जरा बेताने. एका आईसाठी सगळ्यांची घसरगुंडी मोडायची का? आणि सोमवारी अ‍ॅपचं अनावरण आहे!" मालक बिस्कीट खात होते. त्याच बोटाने त्यांनी पट्टी सरकवून दाखवली. "बघा तरी, कसं सुळकन!"

काचेवर ओल्या चुऱ्याची लांब रेघ उमटली. रेघेखाली त्याचीच कारागिरी चोख चालली होती. त्याने खिशातलं फडकं काढलंच नाही.

अनावरण ठरल्याप्रमाणे झालं. मालकांनी भाषणात विभागाचा गौरव केला आणि त्याच्या पदनामाला 'वरिष्ठ' हा शब्द जोडला.

वरिष्ठ प्रमुखांच्या आईकडे आता जुन्या पद्धतीचा साधा बटणांचा फोन आहे. रोज संध्याकाळी तो तिला फोन करतो, गोळी घेतली का विचारतो, आणि ती गिळेपर्यंत फोन ठेवत नाही.