आगाशीतली रशियन काकू

फ्रेंचची तुकडी भरली होती म्हणून मला कॉलेजात रशियन घ्यावी लागली. बाबा म्हणाले, "त्यांचा देशच फुटला, आता ती भाषा तू कोणाशी बोलणार?" पण पंधरा-वीस दिवसांत मी त्या भाषेच्या पुरती नादी लागले. विरारच्या आमच्या फ्लॅटमध्ये आरशासमोर उभी राहून एकच स्वर घोटत बसायची. धड 'इ' नाही, धड 'उ' नाही. तो काही केल्या निघत नसे.

एका रविवारी आईबरोबर आगाशीच्या बाजारात गेले. कोळणीपुढे एक उंच, गोरीपान बाई साडी नेसून वाकली होती. "मावशी, बोंबील ताजे नाय हे. पानी सुटलंय," ती अगदी इथल्या बायकांसारखी म्हणाली.

आई कुजबुजली, "इथलीच सून आहे. नवरा रशियात इंजिनियरिंग शिकायला गेला, तिथेच लग्न केलं. आता तो आखातात असतो."

पुढे होऊन मी रशियन लोकांचा तो लांबलचक नमस्कार एका दमात म्हटला, "झ्द्रास्त्वुयत्ये!"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. कोण बोललं तेच तिला कळेना. मी पुन्हा म्हटलं. तिने पिशवी बोंबलांवरच ठेवली, माझे गाल दोन्ही हातांत धरले आणि अशी सुसाट बोलत सुटली की मला एक अक्षर कळेना.

"हळू, काकू, हळू!" मी मराठीत ओरडले. कोळणी पोट धरून हसल्या.

मग दर रविवारी मी तिच्या वाडीतल्या घरी जायला लागले. "पोटात गुद्दा बसला की कसा आवाज निघतो? तसा काढ," असं म्हणून तिने मला खरंच हलकासा गुद्दा मारला. निघाला! तो स्वर निघाला! तिच्या सासूबाई आतून धावत आल्या, "काय झालं गो पोरीला?"

दिवाळीनंतर एकदा ती मला फोन बूथवर घेऊन गेली. रशियातल्या आपल्या आईशी थोडं बोलली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तू सांग. माझं तिला खरं वाटत नाही."

खरखर झाली, मग एक थकलेला आवाज आला, "माझी मुलगी वाळली का गं?"

मला सगळं कळलं! शब्दन् शब्द!

"नाही, आजी. छान दिसते. सगळे ओळखतात तिला. बाजारात मासेवाल्यांशी भांडते." व्याकरणाची पार वाट लागली असणार, पण पलीकडे आजी खळखळून हसली.

बाहेर आल्यावर काकू रागावली, "भांडते, हे कशाला सांगितलंस?" आणि डोळे पुसत स्वतःच हसायला लागली. स्टँडपर्यंत आम्ही दोघी मोठमोठ्याने रशियन बोलत गेलो. लोक वळून वळून बघत होते. रशियनमध्येच एम.ए. करायचं, हे मी त्या रस्त्यावर ठरवलं, आणि केलंही.