लेकीला दिलेलं गाव

आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. वडील बाजाराला गेले की मिठाच्या पुडीबरोबर कुठल्या तरी सभेचं पत्रक घेऊन यायचे आणि कोनाड्यात जपून ठेवायचे. मी वाचायला शिकलो ते त्यांवरच. ‘झालेच पाहिजे’ मला आधी वाचता आलं, ‘कमळ’ नंतर. वडील गेले तेव्हा कोनाडा भरलेला होता आणि बाकी घर रिकामं होतं.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून दोन कोसांवर. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. गावाच्या मागे डोंगर, डोंगराच्या सपाटीवर किंगरीवाल्यांच्या पंधरा-वीस झोपड्या. लोक त्यांना किंगरीवाले म्हणत, ते स्वतःला नाथाचे म्हणत. त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या गावात यायचा. पीक खळ्यावर आलं की खांद्याला झोळी, डोक्याला भगवं फडकं आणि छातीशी धरलेली किंगरी, असा तो उतारावरून येताना दिसायचा.

किंगरी म्हणजे नारळाची करवंटी, तिच्यावर ताणलेलं कातडं, वेळूचा दांडा आणि तारा. वाजवायचा गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, गजाला घुंगरं बांधलेली. तो गज ओढायचा तेव्हा सूर आणि ताल एकाच हातातून निघायचे. सूर थोडा घोगरा, रडून बसलेल्या गळ्यासारखा. प्रत्येक दारासमोर तो त्या घराची माणसं गायचा. कोण कुठून आलं, कुणाची लेक कुठं दिली, कोण कोणत्या साली गेलं. हे इतर भाटही करत, पण पाटलाच्या आणि चार मोठ्या घरांसमोर. हा म्हातारा आमच्या वस्तीतही बसायचा. दीक्षा घेतल्यानंतर आमच्यात देवाची गाणी बंद झाली, तेव्हा त्यानं देव वगळले आणि माणसं तेवढी ठेवली. माझ्या पणजोबांचं नाव कुठल्याच सरकारी कागदावर नाही. मी ते त्याच्या तोंडून ऐकलं. वडील गेले त्या वर्षी त्यानं त्यांचं नाव ओळीत घातलं. मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि शेवटपर्यंत मागं घेतला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला. मी कॉलेज अर्धवट सोडून गावी आलो होतो आणि आम्ही चार-पाच पोरांनी एक मंडळ काढलं होतं. आम्ही एक पत्रक छापून चावडीच्या भिंतीला डकवलं. त्यात दोन मागण्या होत्या. पहिली, गावात कोणाचाही वंशपरंपरेचा मागण्याचा हक्क राहणार नाही, माणसानं माणसापुढे हात पसरणं बंद. दुसरी, गावाचं गायरान भूमिहीनांना आणि डोंगरावरच्या भटक्यांना कसायला मिळालंच पाहिजे.

पाटलानं चष्मा लावून पत्रक वाचलं. पहिली मागणी त्याला फार आवडली. दुसरी वाचायच्या आत त्यानं चष्मा काढला. पुढं कुणीही मागायला आलं की तो भिंतीकडं बोट दाखवायचा, “पोरांनी ठराव केलाय बाबा. आता आमचं काय चालतंय?” इतकी वर्षं आमचं कधी न ऐकलेला माणूस आमच्या नावानं आपली कणगी राखू लागला.

अशात एक दिवस म्हातारा किंगरी न घेता आमच्या दारी आला. मायनं त्याला पाणी दिलं.

“बापू,” तो मला म्हणाला, “माझ्या लेकीचं जमलंय. इवाई परवा येऊन राहिले, पोराला घेऊन, गाव बघाया.”

“डोंगरावर?”

“न्हाई. हे गाव. तुमचं.”

मग त्याच्याकडून मला त्यांची रीत कळली. त्यांच्यात सोनंनाणं नव्हतं, शेत नव्हतं. होती ती फिरायची गावं, घराघरात वाटून दिलेली. एकाच्या गावात दुसरा किंगरी घेऊन शिरायचा नाही. लेक उजवताना बाप जावयाला त्यातलंच एक गाव द्यायचा. म्हाताऱ्याच्या दोन थोरल्या लेकींची लग्नं झाली होती, दोन गावं गेली होती. धाकटीसाठी आमचं गाव होतं.

द्यायची पद्धतही ठरलेली. वऱ्हाडी शिवेवर थांबतात, बाप किंगरी वाजवतो. गावातून पहिलं सूप जोंधळा घेऊन आलं आणि जावयाच्या झोळीत पडलं की गाव दिलं. सूप आलं नाही तर ते गाव बापाचं नव्हतंच. सोयरीक मोडते, आणि मोडलेल्या पोरीला दुसरीकडून मागणं येत नाही.

“तो कागद दोन दिस काढून ठेवता का? फाडू नका. नुसता काढा.”

माझं डोकं तापलं. एक तर हुंडा, त्यात भिकेचा, आणि द्यायचं काय तर आमचं अख्खं गाव, आम्हाला न विचारता! मी त्याला सगळं समजावलं. हक्क म्हणजे बेडी कशी, गायरान मिळालं तर त्याची लेक मालकीण कशी होईल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. “जमीन द्याल तवा द्या बापू, लई उपकार होतील. तवर गाव काहून काढून घेता?”

मी कागद काढला नाही. काढला असता तर पाटलानं दुसऱ्या मागणीवर कायमचा चुना फासला असता, हे मला दिसत होतं.

ठरल्या दिवशी शिवेवर पाहुणे आले. नवरा मुलगा, उंच, लाजरा, नव्या धोतराला सारखा हात लावणारा. त्याचा बाप, जाड मिशांचा. आमच्या बाजूला बाभळीखाली म्हातारा आणि त्याची लेक. ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, हाताला घट्टे होते. म्हाताऱ्यानं गज चढवला आणि वाजवायला लागला. मी त्याला एवढं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. गावातलं एकेक घर तो हाक मारल्यासारखा गात होता. आधी पाटलाचं, मग उतरत उतरत. दारं उघडी होती, बायका उंबऱ्यात उभ्या होत्या. सूप कुणाच्याच हातात नव्हतं. सगळ्यांचे डोळे चावडीकडं.

मिशांवाल्यानं मला गाठलं. “तुमी शिकलेले दिसता. बराबर सांगा, गाव यांचं हाय का न्हाई?”

“न्हाई,” मी म्हणालो. “गाव कुणाचंच न्हाई. पाटलाचं बी न्हाई.”

मागं कुणी तरी खुसखुसलं. पण म्हाताऱ्याचा गज थांबला. तो खाली बघू लागला. त्याच्या लेकीनं डोळे उचलून माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली नाही, पण ते सोपं नव्हतं.

“मग चला,” पाहुणा मुलाला म्हणाला. “पोकळ गाव घेऊन काय करायचं?”

“मामंजी,” लेक पहिल्यांदाच बोलली, “तुमची किंगरी भरीव हाय का?”

नवरा मुलगा हसला, मग बापाकडं बघून हसू गिळलं.

आणि आमच्या वस्तीच्या बोळातून माय आली. डोक्यावर सूप, सुपात आदल्या आठवड्याची मजुरी म्हणून मिळालेला जोंधळा. मी पुढं झालो.

“माय, तू काय करून राहिलीस? भिंतीवर ठराव हाय.”

“कागद तुझा हाय ना? भिंत चावडीची हाय. सूप माझं हाय. सरक.”

“हे भीक घालणं हाय.”

“माझ्या नवऱ्याचं नाव घेतंय ते म्हातारं. तू घेतलंस का कधी गाऊन?”

पाहुण्यानं आमच्या वस्तीकडं, मग मायकडं पाहिलं. “पयलं सूप पाटलाच्या घरचं येतंय. हे त्या वस्तीचं.”

“इवाई,” म्हातारा म्हणाला, “जोंधळ्याला विचारा, कुण्या वस्तीचा हाय.”

नवऱ्या मुलानं बापाची वाट पाहिली नाही. झोळीचं तोंड उघडून तो मायपुढं वाकला. जोंधळा पडल्याचा आवाज आला. मग कुंभाराची सून आली, मग तेलीण, मग पाटलाच्या घरची म्हातारी मागच्या दारानं, पदराखाली काही तरी घेऊन. पाहुण्याच्या मिशा हळूहळू सैल पडल्या.

“आता वाजव की,” माय नवऱ्या मुलाला म्हणाली.

त्यानं किंगरी घेतली. गज असा काही ओढला की कुत्री भुंकली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. “शीक रे लेकरा,” माय म्हणाली, “आमाला घाई न्हाई.”

लग्न झालं. पुढच्या खळ्यावर जावई आला, लेक सोबत. तो वाजवायचा बेताचंच, ती गायची खणखणीत, आणि आमच्या दारात तिनं माझ्या वडिलांचं नाव न चुकता घेतलं. पत्रक तोवर पावसानं गेलं होतं. आम्ही नवं छापलं. त्यात एकच मागणी ठेवली, गायरानाची, म्हणजे पाटलाला निवड करता येऊ नये. ते भांडण वेगळं आणि लांबलं.

पण म्हातारा आला नाही. मी लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “दिल्या गावात बाप वाजवत न्हाई. आबा आता हितं किंगरी घेऊन पाय बी ठेवणार न्हाईत.” मी मायकडं पाहिलं. ती ओट्यावर गोवऱ्या रचत होती. सूप उचललं तेव्हाच तिला हे माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी मी फाट्यावर नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो. ट्रक उभे होते, चहाच्या टपरीपाशी ड्रायव्हर तोंड धूत होते. टायरच्या दुकानाला टेकून म्हातारा बसला होता आणि वाजवत होता. एक सरदारजी ट्रकवाला मान डोलावत होता.

“हितं?” मी विचारलं.

“फाटा हाय बापू. कुण्या बापानं कुण्या लेकीला दिला न्हाई. हितं तुमचा कागद चालतो.”

त्याच्या पलीकडं, मिठाची पुडी मांडीवर ठेवून, माय बसली होती. गाडी आली. निघतो म्हणून सांगायला मी तिला हाक मारली, तर तिनं हातानंच थांब म्हणून खुणावलं. म्हातारा वडिलांच्या नावापाशी येत होता.

गाडी गेली. मी तिच्या शेजारी बसलो.