ओल्या वाळूवरून आलेलं वृंदावन

आमच्या मागच्या बोळापलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याने मला फसवलं. भर दुपारी, आठ माणसांदेखत आणि माझेच वडे खात खात फसवलं. मी दगडाचा धंदा करते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ते किती घासाघीस करणार, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. अशा बाईला ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने गंडवलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी या देशात आले ती नवऱ्याच्या परमिटला जोडलेली बायको म्हणून. तो ऑफिसला जायचा आणि मी कापेल आन डेन आयसेल गावातल्या भाड्याच्या घरात मिक्सरमध्ये चटणी वाटायचे. त्या चटणीला चव नव्हती. पुढच्या सुट्टीत पुण्याहून येताना बॅगेत काळ्या दगडाचा खलबत्ता घातला. विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा बॅगेतले तीन स्वेटर अंगावर चढवले, काउंटरवरच्या मुलाशी अर्धा तास भांडले आणि खलबत्ता घेऊनच विमानात बसले. तो एका मैत्रिणीने पाहिला, मग दुसरीने. आज टिलबर्गच्या एका गोदामात माझे खलबत्ते, पाटे-वरवंटे आणि जाती रचून ठेवलेली असतात. कुणी भांडवल दिलं नाही. जे मिळवलं ते तोंडाने मिळवलं.

इतकी वर्षं दगड विकले, पण स्वतःसाठी असा एकही मागवला नव्हता. म्हणून ठरवलं, बागेत दगडी वृंदावन हवं. अखंड, एकाच दगडातलं. कोनाडा घराकडे तोंड करून, म्हणजे संध्याकाळी सिंकपाशी भांडी विसळताना मला आत लावलेला दिवा दिसेल. माझी मागणी एवढीच होती. हिवाळ्यात तुळस कुंडीसकट घरात येते, पण दिवा काही थंडीने मरत नाही.

गावाकडच्या पाथरवटाशी व्हिडिओ कॉलवर तीन आठवडे घासाघीस झाली. चारपैकी एकाच बाजूचं कोरीवकाम मी ठरवलं.

"ताई, देवाचं काम आहे. चारही बाजू करू," तो म्हणाला.

"देवाला पाठीमागून कोण नमस्कार करतं, दादा? पाठ साधी ठेवा."

साधी म्हणजे किती साधी, हे बोलायचं मी टाळलं. कारण बोलले असते तर त्याने भाव वाढवला असता. वर कोनाड्याच्या दोन्ही अंगांना दोन राघू फुकटात कोरून घेतले.

वृंदावन आलं ते लाकडी पेटीतून. वजन सातशे किलोच्या आसपास. ड्रायव्हरने पेटी घरासमोर फुटपाथलगत उतरवली आणि सही मागितली.

"मागच्या बागेत ठेवायचं आहे," मी म्हटलं.

"कागदावर रस्त्याच्या कडेपर्यंत असं लिहिलंय, बाई."

ते वाक्य मला तोंडपाठ होतं, कारण माझ्या गिऱ्हाइकांना मीही तेच ऐकवते. म्हणून मला जास्तच राग आला. पण ट्रक निघून गेला. मागच्या बागेत जायला घरांच्या रांगेमागून जाणारा दीड मीटर रुंद बोळ, एवढीच वाट. त्यात क्रेन शिरत नाही. घरावरून उचलून पलीकडे ठेवणारी क्रेन मिळते, पण तिला रस्ता बंद करायला नगरपालिकेची परवानगी लागते.

माझा आवाज ऐकून मागचा शेजारी बोळातून बाहेर आला. इकडे डच भाषेत शेजाऱ्याला ब्यूरमन म्हणतात आणि शेजारणीला ब्यूरफ्राउ, म्हणून मी त्याला ब्यूरमन म्हणते आणि तो मला ब्यूरफ्राउ. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. एकटा राहतो, आणि निवृत्त झाल्यापासून डोक्यात फक्त प्राचीन इजिप्त. लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये त्याच्यासारख्याच इजिप्तवेड्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा जमतात आणि पिरॅमिड कसे बांधले यावरून वाद घालतात.

त्याने पेटीभोवती एक चक्कर मारली आणि फळीवर थाप दिली.

"ब्यूरफ्राउ, आमचं मंडळ हे तुमच्या बागेत नेऊन उभं करेल. फुकट."

फुकट हा शब्द ऐकला की मी सावध होते. "आणि अट काय?"

"यंत्र वापरायचं नाही. चाकसुद्धा नाही. सगळं इजिप्तच्या पद्धतीने. आणि मजुरी इजिप्तच्या मजुरांची: पाव आणि बिअर."

"गुलामांना बिअर कुठली?"

"गुलाम नव्हते ते!" म्हातारा माझ्याच अंगावर ओरडला. मग त्याने मला स्वयंपाकघरात बसवून दोन तास शिकवलं, आणि खरं सांगायचं तर मला मजा आली. पिरॅमिडच्या मजुरांची वस्ती सापडली आहे, त्यांच्या पाव भाजायच्या जागा सापडल्या आहेत, मोडलेले आणि नीट जुळलेले हात असलेले सांगाडे सापडले आहेत. म्हणजे त्यांची देखभाल होत होती. टोळ्यांना नावं होती आणि ती त्यांनी दगडांच्या न दिसणाऱ्या बाजूंवर रंगवून ठेवली. एका टोळीचं नाव होतं 'राजाचे बेवडे'. पुढच्या काळात राजांची थडगी खोदणाऱ्यांचं धान्य वेळेवर आलं नाही, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवून संप केला.

"शाबास," मी म्हटलं. "मी पण तेच केलं असतं."

"म्हणून सांगतो, जेवण वेळेवर हवं. आणि गरम. तुमच्या त्या बटाट्याच्या वड्यांसारखं काही."

हे त्याने किती सहज म्हटलं! मी उलट खूश झाले. बिअर मी बिनदारूची कबूल करून घेतली, वड्यांना माणशी तीनची मर्यादा घातली आणि वाळू माझी वापरायची ठरलं. आमच्याकडे जमीन खचत राहते, दर काही वर्षांनी बागेत वाळू टाकून ती उचलावी लागते. माझी वाळू आधीच येऊन पडली होती. सौदा पक्का झाला. मनात म्हटलं, बिचारा, स्वस्तात गेला.

त्याच संध्याकाळी मी पाथरवटाला फोन करून सांगितलं, की इजिप्तचे लोक तांब्याच्या करवतीखाली वाळू टाकून ग्रॅनाइट कापायचे, कापायची ती वाळूच.

"त्यांना मालक राजा होता, ताई," तो म्हणाला. "मला तुम्ही आहात."

शनिवारी मंडळ आलं. सहा पुरुष, दोन बायका आणि ब्यूरमन. दोघांच्या गुडघ्याला पट्टे. पेटी फोडून त्यांनी दगड लाकडी घसरगाडीवर आडवा केला, कोरीव बाजू वर, म्हणजे ओरखडा येणार नाही. त्याआधी मी त्याला चहूबाजूंनी जुनी गोधडी गुंडाळली होती, आणि त्यांनी वरून दोर आवळले. मग ब्यूरमनने सगळ्यांना बागेत नेलं आणि तिथल्या फरशीवर खडूने चित्र काढून मला समजावलं. चेहरा वर आहे. पायथा पुढे करून बागेत शिरलो तर उभा राहिल्यावर चेहरा घराकडे येईल. डोकं पुढे करून शिरलो तर चेहरा बोळाकडे जाईल.

"पायथा पुढे," मी म्हटलं.

"पायथा पुढे," तो म्हणाला. आठ जणांनी ऐकलं.

बोळातल्या फरशांवर वाळू पसरली. "ओढा!" झालं. गाडी हातभर सरकली, पुढे वाळूचा ढीग साचला आणि सगळे लटकले. तेव्हा ब्यूरमनने खिशातून एक रंगीत छापील चित्र काढलं. एका थडग्यातल्या भिंतीवरचं. केवढा तरी मोठा पुतळा घसरगाडीवर आहे, माणसांच्या रांगा दोर ओढताहेत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततो आहे.

"कित्येक पंडित म्हणायचे, हा धार्मिक विधी आहे," तो म्हणाला.

"असेल की. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय खिळा ठोकत नाहीत. पण पाणी ओता आधी."

मी झारी आणली. कोरडी वाळू ढिगारा करते, चिखल गाडी गिळतो, पण नेमकी ओली वाळू घट्ट बसते आणि तिच्यावरून गाडी लोण्यासारखी जाते. माझा नवरा झारी धरून पुढे चालत होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कधी दिसत नाही इतका गंभीर. सातशे किलो दगड बोळातून सरकत होता आणि सत्तरीच्या बायका "हुप!" म्हणून ओरडत होत्या. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. एवढी वर्षं इथे राहते, पण त्या बोळात इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बागेच्या फाटकाशी काटकोनात वळायचं होतं. गाडी तिथे पोहोचली आणि मंडळाने दोर खाली टाकले.

"संप!" एक बाई म्हणाली.

"वडे कुठे आहेत?" दुसरा म्हणाला. "मजुरी थकली!"

सगळे बोळात मांडी घालून बसले. मी हसत हसत आत पळाले. पहिला घाणा कधीच थंड झाला होता, आणि गरम देईन असं मीच कबूल केलेलं. कढई परत तापवली, दुसरा घाणा सोडला, पाव चिरले, लसणीची चटणी लावली. नवऱ्याला ब्यूरमनने आधीच बिअर आणायला कार घेऊन पिटाळलं होतं.

परात घेऊन बाहेर आले, तेव्हा संप मिटलेला होता. गाडी बागेत रचलेला वाळूचा चढ चढून पायाच्या जागेपर्यंत गेली होती. तिथे फळ्यांची पेटी करून ती वाळूने भरलेली, आणि दगडाचा पायथा त्या वाळूवर टेकलेला. ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचे ते उंच टोकदार खांब, असेच उभे करत असावेत, अशी ब्यूरमनची खात्री आहे. खालून वाळू काढत जायची, तसा पायथा खाली उतरतो आणि डोकं आपोआप वर येतं. एका हातात वडा आणि एका हातात खुरपं, असे सगळेच वाळू काढत होते. दगड झोपेतून उठल्यासारखा हळूहळू उठला आणि खालच्या काँक्रीटवर बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी कबूल करते.

मग गोधडी सोडली. माझ्यासमोर पाठ होती.

ओबडधोबड, छिन्नीचे घाव तसेच ठेवलेली पाठ. राघू बोळाकडे बघत होते. बोळाकडे म्हणजे बोळापलीकडच्या पहिल्या मजल्यावर, ब्यूरमनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

"डोकं पुढे घातलंत!" मी ओरडले. परातीतले उरलेले वडे मी परत आत नेले, हेही सांगते.

"बोळ अरुंद होता," ब्यूरमन म्हणाला.

"पायथा वळतो तिथे डोकं वळतं, लांबी तीच असते! भूगोल शिकवलात की गंमत केलीत?"

"ब्यूरफ्राउ, तुमच्या बागेतल्या रिकाम्या पेट्या आणि फुटके लाकडी पॅलेट मी चार वर्षं त्या खिडकीतून बघतोय. एकदा तरी तक्रार केली?"

"मग तक्रार करायची होती! दगड कशाला फिरवलात?"

त्याने खुरप्यावरची वाळू झटकली. मंडळातल्या एका बाईने पायाने खडूचं चित्र पुसलं, हे मी पाहिलं.

नवऱ्याने बिअर खाली ठेवून फोनवर होकायंत्र उघडलं. "अगं, तोंड बरोबर पूर्वेला आलंय. चांगलंच की."

"तुझ्या तोंडाचं बोल," मी म्हटलं.

फिरवायचं तर पुन्हा उचलावं लागेल. माझ्या धंद्यातल्या ओळखीच्या तिघांना विचारलं, तिघांनी बोळ बघितला आणि चहा पिऊन गेले. नंतर मी ब्यूरमनकडूनच त्याचं जाडजूड पुस्तक मागून घेतलं. त्यात ओबेलिस्क चढावावरून ओढत आणतानाची आकृती आहे. पायथा पुढे. म्हणजे या माणसाने मला तर फसवलंच, पण त्याच्या लाडक्या इजिप्तलाही फसवलं, आणि अट इजिप्तच्या पद्धतीची होती.

आता रोज संध्याकाळी मी बागेत जाते, वळसा घालून पलीकडून कोनाड्यात दिवा लावते आणि घरात येऊन पाठीकडे बघत भांडी विसळते. त्या वेळी समोरच्या खिडकीत ब्यूरमन खुर्ची ओढून बसलेला असतो. कॉफीचा कप उंचावतो. मीही हात हलवते, कारण सवय. परवा तो फाटकाशी येऊन म्हणाला, की पाठीवरच्या छिन्नीच्या घावांत एका कोपऱ्यात पाथरवटाने खूण कोरली आहे, बाणासारखी, आणि अशीच न दिसणारी बाजू अभ्यासकांना सगळ्यात मोलाची वाटते, मी नशीबवान आहे. मी पाथरवटाला विचारलं. तो म्हणाला, ती खूण 'ही बाजू मागे' अशी आहे, ताई, तुमच्या माणसांना वाचता नाही आली का?

पुढच्या महिन्यात मंडळाची सभा आहे आणि त्यात ब्यूरमन 'आम्ही दगड कसा हलवला' यावर बोलणार आहे, चित्रांसकट. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. मला पाव नको, बिअर नको, माफीसुद्धा नको. मी आत वडे तळत असताना फाटकाशी दोर कुणी फिरवला आणि डोकं पुढे कुणाच्या सांगण्यावरून घातलं, एवढं त्याने त्या आठ जणांसमोर उभं राहून सांगावं. आणि सांगून झाल्यावर, माझं वृंदावन घराकडे तोंड करून कोण उभं करणार आणि कुठल्या तारखेला, याचं उत्तर मला त्याच खोलीत, त्याच दिवशी हवं.