घरटी एक हात

श्यामला मस्कतच्या वादी कबीर भागातल्या शाळेत दहावीला सिव्हिक्स शिकवते. राज्यघटना म्हटलं की बाईंच्या अंगात वारं शिरतं. कुठल्या देशानं घटना बदलताना जनतेला खरंच विचारलं, कुठल्या देशानं नुसतं विचारल्यासारखं केलं, हे ती असं रंगवून सांगते की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं हलत नाहीत. आणि हीच बाई मस्कतच्या मराठी मंडळात कोण? तर चंद्रशेखरची बायको. बस्स.

कारण मंडळाची घटना! फार वर्षांपूर्वी चार शहाण्या पुरुषांनी ती लिहिली: एका घराला एक मत, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषानं द्यायचं. गणपतीचे मोदक वळायचे बायकांनी, मुलांची नाटकं बसवायची बायकांनी, आणि निर्णयाची वेळ आली की त्यांनी मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या. जळो मेली ती घटना!

प्रत्येक प्रौढ माणसाला स्वतःचं मत द्या, एवढीच श्यामलाची दुरुस्ती. तिनं इतका पिच्छा पुरवला की अध्यक्ष सलील शेवटी वैतागला. "घ्या, खुली चर्चा करू, सार्वमतही घेऊ," म्हणाला. पण मतदान मात्र जुन्याच नियमानं, घरटी एक हात. म्हणजे जिला मत हवंय तिनं फक्त बघत बसायचं. श्यामला भांडली, तर तो म्हणाला, "नियम बदलेपर्यंत नियम तोच, वहिनी." मग सगळी मदार नवऱ्यावर आली.

सभा होती मस्कतबाहेर, बरका गावातल्या एका भाड्याच्या फार्महाऊसवर. गाडीत तिनं विचारलं, "शेखर, हात वर करशील ना?"

"हे काय विचारणं झालं? तू बिनधास्त बोल, मी आहे ना!" चंद्रशेखर म्हणाला. श्यामलाचा जीव भांड्यात पडला.

चर्चा कसली, शिमगाच तो! एकजण म्हणाला, इथे नोकऱ्या करायला आलोय, क्रांती करायला नाही. दुसरा ओरडला, "यल्ला, चला, खलास करा, वडे थंड होतायत!" तिसऱ्यानं अक्कल पाजळली, "बायको नवऱ्याला विचारूनच मत देणार. मग दोन हात कशाला मोजायचे?"

"असं असेल तर तुम्ही इतके घाबरलात कशाला?" श्यामलानं विचारलं. मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. तळण टाकून आलेली उत्तरा तर पिठाच्या हातांनीच टाळ्या वाजवायला लागली. पुढच्या रांगेतले दोन-चार चेहरेही जरा विरघळले, आणि श्यामलाला वाटलं, जमलं!

सलीलनं पुकारलं, "दुरुस्तीच्या बाजूनं?"

हात वर गेले. बरेच गेले की! श्यामला त्यांत एक हात शोधत होती. चंद्रशेखर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"विरोधात?"

आता त्यानं हात वर केला. अर्धवट नाही, चांगला सरळ. सलील त्याच्या ऑफिसातला वरिष्ठ, त्यानं आधीच कानात सांगून ठेवलं असणार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काय उगाच? दुरुस्ती पडली. किती मतांनी, ते श्यामलानं ऐकलंसुद्धा नाही.

ती ताडकन उठली. "मी या मंडळाचा राजीनामा देते!"

सलील गोड हसला. "वहिनी, राजीनामा सभासदाला देता येतो. तुम्ही सभासद कुठे आहात? सभासद चंद्रशेखर."

पुढच्या रांगा खिदळल्या. श्यामला नवऱ्याकडे वळली. "मग तू दे. आत्ता, इथे."

खिदळणं थांबलं. चंद्रशेखरनं एकदा सलीलकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग हळूच म्हणाला, "श्यामला, लोक बघतायत. घरी बोलू."

"घरी?" श्यामलाचा आवाज चिरकला, पण तिनं तो खाली आणला नाही. "घरी तरी मला मत आहे का रे?"