गजरा फळीवर की हातात

अकोल्याहून फोन आला, पुढच्या शिबिरात मी दहा मिनिटं बोलायचं म्हणून. विषय, 'माझा छोटा धंदा कसा वाढला'. मी भरभर हो म्हणून बसले आणि तेव्हापासून डोकं चालत नाही. धंदा वाढला हे खरं आहे. अमरावतीत मंदिराच्या वाटेवर आमचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि पुढे एक लाकडी फळी. झेंडू-शेवंती दीर तिवशाजवळच्या शेतातून पाठवतात, मोगरा मी बाजारातून घेते. दोन वर्षांपूर्वी ही फळी अर्धी रिकामी असायची, आता टोपल्या खाली जमिनीवर ठेवाव्या लागतात. पण कसा वाढला, असं कुणी समोर उभं राहून विचारलं की माझा गोंधळ उडतो. त्या उत्तरात एक गजरा अडकलेला आहे आणि तो मला अजून सोडवता आलेला नाही.

त्या शिबिराला मी पहिल्यांदा गेले ती बचत गटातल्या बायकांनी ओढून नेलं म्हणून. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका गल्लीतला हॉल होता. पंख्यांचा आवाज मोठा आणि शिकवणाऱ्या सरांचा त्याहून मोठा. सर बाहेरगावचे, पांढरे बूट घालून आलेले. तुमचं स्वप्न काय, असं त्यांनी एकेकीला विचारलं. कुणी मोठं दुकान म्हणाली, कुणी चारचाकी. मी म्हटलं, दुपारची तासभर झोप. सगळ्या हसल्या, सर हसले नाहीत. मग त्यांनी आमच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. गिऱ्हाईक आलं की हसा. त्याची ओळख लक्षात ठेवा. विचारा, 'आज काय विशेष?' आणि तो निघाला की म्हणा, 'पुन्हा या.' झाडू विकणारी एक बाई आणि मी, आम्हा दोघींना समोरासमोर उभं करून हे सगळं चार वेळा करायला लावलं. दर वेळी दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचायच्या आत आम्हाला हसू फुटत होतं.

मी स्वभावाने तिखट आहे, हे आधी सांगायला हवं. तोवर माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचं स्वागत 'बोला' या एका शब्दात व्हायचं आणि कुणी शेवंती दाबून पाहिली की 'हात लावू नका' हा दुसरा शब्द ठरलेला. तरीही परत आल्यावर मी त्या चार ओळी कागदावर ठळक लिहिल्या आणि पत्र्याला आतून चिकटवल्या. शिबिरात गेलेले दोन दिवस काही तरी उपयोगी पडावेत एवढाच हेतू होता.

सासूबाई सकाळी फुलं निवडायला दुकानात येतात. त्यांनी तिसऱ्या दिवशी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"अशी काऊन हसून राहिली वं? दात दुखते का?"

मी त्यांना कागद दाखवला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवला. त्या म्हणाल्या, "कर काय करतं ते. पन आपला नियम इसरू नको."

नियम मला लग्न होऊन या फळीमागे बसले त्याच दिवशी सांगितला गेला होता. मयताची फुलं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाहीत. फळीवर ठेवायची, त्याने उचलायची. आणि तो निघाला की त्याला 'या' म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या दुकानात हे पाळतात की नाही मला माहीत नाही, आमच्याकडे पाळतात. जुन्या गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक असतं. असा माणूस आला की मुकाट्याने फळीपासून हातभर लांब उभा राहतो.

कागदाचा उपयोग झाला, मी खोटं कशाला बोलू. 'आज काय विशेष?' विचारल्यावर लोक सांगायला लागले. कुणाकडे बारसं, कुणाच्या शाळेत कार्यक्रम, कुणाचं नवं दुकान. विशेष कळलं की पुढची ऑर्डरही कळायची. पहिले काही दिवस मी मनातल्या मनात ओळी मोजत असे. मग तोंड आपोआप चालायला लागलं. ते हसणं माझं होतं की पांढऱ्या बुटांच्या सरांचं, याचा विचार करायला वेळच नव्हता.

आमच्याकडे एक काका रोज यायचे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सासूबाई या फळीमागे बसायच्या तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. रोज सकाळी एक गजरा, बायकोसाठी. मोगरा नसेल तेव्हा शेवंतीचा. गजरा मी त्यांच्या तळहातावर ठेवला की ते म्हणायचे, "चाल, सुटली गाडी." झालं, एवढंच बोलणं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ते नेहमीपेक्षा तासभर लवकर आले. मी नुकती मोगऱ्याची पुडी सोडत होते. दाढी वाढलेली होती, चष्मा नव्हता. हे मला आता आठवतं. त्या वेळी दिसलं असेल, पण मी पाहिलं नाही. ते फळीला अगदी टेकून उभे राहिले.

"आज गजरा जरा लांब कर वं माय."

मी हसले. विचारलं, "आज काय विशेष, काका?"

"पाहुने आले घरी. बुढीले नटवाचं हाय."

"मंग त काकू छान दिसन आज. सांगा त्यायले."

मी दुप्पट लांब गजरा केला आणि त्यांच्या हातात दिला. वर म्हटलं, "येजा काका परत." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि गेले. गाडी सुटली म्हणाले नाहीत.

दुपारी शेजारचा नारळवाला सांगत आला, "त्या कंडक्टरची बुढी पहाटेच गेली ना वं. तुले मालूम नाई?"

सवाष्ण गेली की तिला नटवतात, हे मला माहीत नव्हतं थोडंच. आणि मी दात काढून विचारलं होतं, आज काय विशेष. हातात गजरा दिला होता. मयताच्या घरच्या माणसाला परत या म्हटलं होतं. मी कात्री घेतली आणि पत्र्यावरच्या कागदाची चौथी ओळ कापून टाकली. तिसरीही कापणार होते, पण तेवढ्यात एक बाई हळदीकुंकवाच्या वेण्या सांगायला आली आणि मी तिला विचारून बसले, "आज काय विशेष?" इतकी स्वतःची चीड मला कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. आठवडा गेला, तेरवी झाली असणार, तरी नाहीत. त्यांच्या घरी जावं का, हे मला ठरवता येईना. फुलवाली दुःखाच्या घरी गेली तर लोक म्हणतील, हारांची ऑर्डर घ्यायला आली. रिकाम्या हाताने जावं तर वाईट आणि फुलं घेऊन जावं तर फारच वाईट. सासूबाईंना विचारलं. त्या एरवी एका वाक्यात निकाल देतात. त्या दिवशी शेवंतीच्या पाकळ्या झटकत म्हणाल्या, "मले नाई समजून राहिलं." मग मी रोज सकाळी वाट पाहायची आणि ते आले नाहीत की आतून थोडं हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटायची.

तीन-एक आठवड्यांनी ते आले. दाढी केलेली, चष्मा लावलेला. मी उठून उभी राहिले.

"काका, मले माहीत नव्हतं. मी काय काय बोलली त्या दिवशी…"

"तुले कसं माहीत रायन? मी सांगतलंच नाई." ते फळीकडे पाहत होते. "सांगतलं असतं त तू फळीवर ठेवला असता. तुह्या सासूचा नियम मले पाठ हाय. रोज हातात घेतला मी तिचा गजरा. त्या दिवशी फळीवरून कसा उचलू?"

ते पुढे म्हणाले, "तू म्हनली ना, काकू छान दिसन. घरी जाऊन सांगतलं मी तिले."

"पन ते मी शिकवल्यासारखं बोलली काका. कागदावरचं."

त्यांनी मान वर करून कागद पाहिला. पूर्ण वाचला, तिकीट तपासावं तसा. "खालची ओळ काऊन कापली?" मी दोऱ्याची गुंडी पुढे ओढली. ते म्हणाले, "बरं, गजरा कर. नेहमीएवढा. फोटोले लावाचा हाय."

गजरा झाला आणि माझा हात अधांतरी राहिला. फोटोचा गजरा हातात द्यायचा की फळीवर ठेवायचा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो मयताचा होता की अजून काकूंचा होता? काकांनी तळहात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"दे वं माय. गाडी सुटून राहिली."

मी तो त्यांच्या हातात ठेवला. हसायचं नाही, विचारायचं नाही, काही म्हणायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते. ते दोन पावलं गेले, थांबले आणि वळून माझ्याकडे पाहू लागले. आधी मला वाटलं काही विसरले. मग कळलं, ते कशाची तरी वाट पाहत होते.

"येजा काका," मी म्हटलं आणि माझं रडू फुटलं. ती ओळ तेव्हा कागदावर नव्हती.