चावडीजवळची मोकळी जागा

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. नोकरीतल्या गमती सांगायला बसलो की पांढरकवड्याच्या पलीकडच्या डोंगरापर्यंत येतो आणि तिथून गाडी दुसरीकडे वळवतो. घरच्यांनाही ते माहीत झालं आहे. सून म्हणते, "बाबा, कोलामांच्या पोडावर तुम्ही कितीतरी दिवस राहिलात, तिथलं काही सांगत नाही." मी म्हणतो, "तिथं काय होतं? मच्छर होते."

मच्छर होतेच. पण तिथला नाईकही होता, आणि तो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तोही उभा कसा, तर उजव्या हाताचा तळवा कानामागे धरून, डोळे मिटून, तोंड थोडं उघडं ठेवून. हाक मारून झाली की तो असा थांबे आणि शेजारच्याला विचारी, "ओ आली काय?"

कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडाच्या मधोमध चावडी असते, म्हणजे चार खांबांवर गवताचं छप्पर आणि खाली सारवलेली जमीन. पोडाचा कारभार पाहणारा तो नाईक. त्या पोडावर कुणाचीही घराची जागा स्वतःची नव्हती. जमीन सगळ्यांची. घराचे खांब, बांबूचे कुड, वरचं गवत ज्याचं त्याचं. माणूस पोड सोडून गेला तर खांब उपटून न्यायचा, जमीन पोडाकडे परत यायची. नवं घर कुठं पडायचं ते नाईक ठरवायचा, आणि ते तो हाकेनं ठरवायचा.

नवरा-बायको वेगळे राहायला निघाले की त्यांनी आपल्याला आवडेल त्या जागेवर तीन दगड मांडून चूल पेटवायची आणि बसायचं. नाईक चावडीत उभा राहून त्यांना नावानं हाक मारायचा. ओरडून नाही, रोजच्या आवाजात. तिकडून ओ आली तर जागा त्यांची. नाही आली तर दगड उचलून थोडं अलीकडे यायचं. "ओ आली, घर झालं," एवढं बोलून तो खाली बसायचा आणि तंबाखू मळायला घ्यायचा. दुसऱ्या पोडांवर असं करत की नाही, मला माहीत नाही. या पोडावर करत.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. डोंगरातल्या वस्त्यांना घरांच्या जागा म्हणजे घरठाणं आखून द्यायची असा हुकूम आला होता. मी दारव्ह्याकडचा, मोजणी खात्यात नवा, लग्नाची हळद अजून निघाली नव्हती. साखळी, झेंड्या, चुन्याचं पोतं आणि दोन मजूर घेऊन मी पोडावर पोचलो आणि नाईकाला म्हणालो, "नाईक, मला तंबूला जागा दाखवा."

"दाखवाची नसते," तो म्हणाला. "तू जाऊन बस. मी हाक मारतो."

तो सगळ्यांना अरे-तुरे करी. आमच्या साहेबांनाही. त्यात उद्धटपणा नव्हता, त्याच्या तोंडात 'तुम्ही' बसतच नसे.

मी जाऊन मोहाच्या झाडाखाली बसलो. चावडीतून हाक आली, "बाबू!" मी म्हणालो, "आलो, आलो!" आणि उठून निघालो. सगळं पोड हसलं. नाईक कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे, येऊ नोको! नुसती ओ दे. उठून आला तं घर कसं होईन?"

तुम्हीही असे म्हातारे पाहिले असतील, ज्यांच्या अंगात काही विशेष दिसत नाही. हा बुटका, पाय थोडे वाकडे, डोक्याला मळकं फडकं. फार शहाणा होता असंही नाही. बाजाराच्या दिवशी पिऊन यायचा आणि वाटेत भेटेल त्या बैलाला हाका मारून ओ मागायचा. सर्दी झाली की त्याचा आवाज बसायचा, आणि नेमकं तेव्हा कुणी जागा मागायला आलं तर त्या घराला चावडीच्या अगदी जवळ यावं लागायचं. बायका म्हणत, "नाईकाले खोकला झाला का पोड लहान होते." तो ऐकून म्हणायचा, "मंग मले काढा करून द्या, तुमाले मोठं पोड पाह्यजे असन तं."

लेतूची गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखत घडली. लेतू जवान पोरगा, थोरल्या भावाशी भांडला आणि बायकोला घेऊन पार नाल्याच्या काठाला जाऊन बसला. नाईकानं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. मी तिकडेच झेंडी रोवत होतो. लेतूला हाक स्वच्छ ऐकू येत होती, तो फुगून बसला होता. त्याची बायको पदरात तोंड घालून हसत होती.

नाईक वाकड्या पायांनी चालत तिथं आला. "ऐकू येत होतं काय?"

बायकोच म्हणाली, "येत होतं."

"मंग ओ काहून नाही देल्ली?"

"मले नाई द्याची होती," लेतू म्हणाला.

नाईकानं चुलीचा एक दगड स्वतः उचलला. "ज्याले ऐकू येत नाही त्याले जवळ घ्या लागते. अन् ज्याले ऐकू येते पण ओ देत नाही, त्याले अजून जवळ. चाल." आणि लेतूला त्यानं चावडीपासून दुसऱ्या जागेवर आणून बसवलं. शेजारीच थोरला भाऊ. महिनाभरात दोघे एका ताटात जेवायला लागले.

दुसरी जागा म्हणालो, कारण पहिली जागा मोकळी होती. चावडीला लागून, एका घरापुरती. तिथं घर नव्हतं, खांब नव्हता, पण सणाच्या आधी पोडातल्या बाया आळीपाळीनं ती सारवत. कोंबडी शिरली तरी कुणीतरी हुसकावी. मी एकदा तिथं साखळी टाकली तेव्हा नाईक जवळ आला.

"ती दिलेली हाये, बाबू."

"कुणाला?"

"ज्याले जोरात ओ देता येत नाही त्याले. म्हातारा असन, बिमार असन. नाही तं नवऱ्याकडून परत आलेली पोरगी असन. तिचा आवाज बाहेर निघत नाही बरेच दिवस." मग म्हणाला, "आता माही बहीण येऊन राह्यली. नवरा मेला तिचा, छाती भरली हाये. जवारी निघाली का आणतो."

मी मान डोलावली. मला कळलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. मला पूर्ण कळलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचे साहेब जीपनं आले. सोबत सडकेवरच्या गावातला एक दुकानदार होता. त्याला पोडावर मीठ, तेल, तंबाखूचं दुकान घालायचं होतं. साहेबांनी चावडीजवळ उभं राहून काठीनं दाखवलं, "ही जागा रिकामी दिसते. हिच्यावर कुणाचा हक्क?"

साहेबांच्या हातात माझी बदली होती. घरी बायको होती, यवतमाळला खोली पाहून ठेवली होती. 'साहेब, ही दिलेली आहे,' एवढंच बोलायचं होतं. त्यांनी कदाचित ऐकलंही असतं. नाईक त्या दिवशी बहिणीच्या गावी गेला होता.

मी म्हणालो, "रिकामीच आहे, साहेब."

"पोडाची हरकत?"

"नाही. नाईकानेच दाखवली."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. साहेबांचं पहिल्या उत्तरावर भागलं असतं. मी ते का बोललो याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. माझ्या अंगावर काही राहू नये, एवढंच कारण सापडतं. लेतू आपल्या दारात बांबू सोलत बसला होता. त्याचा हात थांबलेला मी पाहिला.

दुपारी मी स्वतः त्या सारवलेल्या जागेभोवती चुना टाकला. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराची माणसं खड्डे खणायला लागली.

नाईक परतला तो बहिणीला घेऊनच. ती दोन पावलं चाले आणि थांबे. चुन्याच्या रेघेपाशी येऊन ती भावाकडे पाहू लागली, आणि तो खड्ड्यांकडे. मग पोड चावडीत जमलं. मी तंबूची दोरी ताणत होतो, मलाही बोलावलं.

"नाईकानं जागा दाखवली असं बाबू बोलला," लेतू म्हणाला. "म्या माह्या कानानं ऐकलं. आमाले जवळ घेतो, अन् बहिणीची जागा दुकानाले देतो? काय भेटलं त्याच्यात?"

एक म्हातारी म्हणाली, "तू सांग ना, नाईका. नाही म्हण."

पण त्यांच्यात एक रीत होती. आपण दिलेल्या जागेबद्दल नाईकानं स्वतःची साक्ष स्वतः द्यायची नाही. ज्यानं ऐकलं त्यानं सांगायचं. नाईक एवढंच म्हणाला, "बाबू सांगन."

आणि त्यानं मला हाक मारली. मी समोरच होतो, हाक मारायची गरज नव्हती. तरी त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाबू!" आणि डोळे मिटून, तळवा कानामागे धरून उभा राहिला.

साहेबांचं तोंड मला डोळ्यांपुढे दिसत होतं. यवतमाळची खोली दिसत होती. मी खाली वाकलो आणि पायाशी पडलेली साखळी गोळा करू लागलो. लोखंडी कड्या एकमेकींवर पडल्याचा आवाज होत राहिला. सगळी गोळा झाली तरी मी वाकूनच होतो.

"ओ आली काय?" नाईकानं विचारलं.

माणसं उठून आपापल्या घराकडे निघाली.

त्याला कुणी काढलं नाही. शिवी दिली नाही. पण चार दिवसांनी एक नवं जोडपं चूल मांडून बसलं, नाईकानं हाक मारली, आणि त्यांनी ओ दिली नाही. ती दोघं त्याच्यासमोरच बसली होती. नाईकानं पुन्हा हाक मारली नाही. त्या संध्याकाळी त्यानं आपल्या घराचे खांब हलवून सैल केले. सकाळी ते खांद्यावर घेतले, बहिणीला पुढे घातलं आणि डोंगराची वाट धरली. मी तंबूत बसून राहिलो. माझी बदली महिन्याभरात झाली.

काही वर्षांनी मी राजूरच्या बाजूला होतो. कोळशाच्या खाणीजवळची मोजणी चालली होती. बाजारात एक कोलाम भेटला, त्याच्या बोलण्यात नाईकाचा उल्लेख आला. डोंगरावरच्या त्याच्या पोडात आता आमचा नाईक राहत होता. पुढच्या सुटीच्या दिवशी मी चढून गेलो. वाटेत एक वाक्य घोकत होतो. फार मोठं नव्हतं.

त्याचं घर पोडाच्या कडेला होतं. तो दारात टोपली विणत बसला होता. मला पाहिलं आणि हसला. "बाबू! जाड झाला रे तू. बायको चांगली दिसते."

मी म्हणालो, "नाईक..."

"मी कायचा नाईक? इथचा नाईक दुसरा हाये. त्यानं मले जागा देल्ली. म्या एवढ्या जोरानं ओ देल्ली का कुत्रे भुकले." आणि स्वतःच हसत सुटला.

बहिणीचं विचारलं. "गेली. इथं आलो त्याच पावसात." मग लगेच म्हणाला, "आंबील घेतं काय?"

त्यानं आंबील दिली. मुलं किती विचारलं. मोजणी अजून संपली नाही काय, म्हणून विचारलं. जुन्या पोडाचं नाव त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर मला बोलता आलं असतं. निदान मी तसं स्वतःला सांगत आलो आहे. प्रत्येक वेळी वाक्य ओठाशी आलं की तो काहीतरी हातात ठेवी. आंबील, चारोळीची चारं, मुलांसाठी विणलेली लहानशी टोपली. मी टोपली घेतली आणि उठलो.

उतारावर वाट वळते तिथं पोचलो तेव्हा वरून हाक आली.

"बाबू!"

आवाज थकला होता, पण रोजचाच होता, आणि स्वच्छ ऐकू आला. मी वळून पाहिलं. तो दारात उभा होता, हात कानामागे. एवढ्या लांबून डोळे मिटलेले दिसत नव्हते, पण मिटलेलेच असणार. मी तोंड उघडलं. परत मिटलं. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग मी वळणाच्या आड झालो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते घर नव्हतं. खांबांचे खड्डेही बुजले होते. जमीन पोडाकडे परत गेली होती.

ती टोपली आमच्या घरी अजून आहे. सून तिच्यात लसूण ठेवते.

त्या दिवशी डोंगर चढताना मी जे घोकत होतो ते असं होतं: नाईक, ती जागा तुम्ही दाखवली नव्हती. मी खोटं सांगितलं. तुम्ही चावडीत हाक मारली तेव्हा मला ऐकू आली होती.